बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल पारखताना : नागपुरातल्या नव्या नेमबाजांसाठी

आमच्या घरी काटोल तालुक्यातल्या शेतावरून आलेली .३१५ ची (हा आकडा नळीच्या व्यासाचा, इंचांत) एक रायफल आहे. आजोबांनी ती पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतली होती आणि त्यांच्या पश्चात ती माझ्या नावावर चढेपर्यंत मला बरेच खेटे घालावे लागले. पुढे मी स्पर्धेसाठी .२२ ची रायफल घेतली, पण ती निवडताना घरच्या .३१५ ची फूटपट्टी लावली आणि सपशेल चुकलो. मॅगझिन आहे, वजनाला हलकी आहे, बोल्ट (दांड्याने मागे-पुढे करून काडतूस भरायचा दट्ट्या) दणकट दिसतो, एवढ्यावर मी समाधान मानले होते. दोन हंगाम वाया गेल्यावर माझ्या लक्षात आले की शिकारीची रायफल पहिल्या गोळीसाठी बनवलेली असते आणि स्पर्धेची रायफल साठाव्या गोळीसाठी. हा फरक मला सुरुवातीलाच कोणी नीट समजावून सांगितला असता, तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचले असते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

१. आधी कायदा, मग बोल्ट

पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला आणि ताडोबा यांच्या मधोमध राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरांत शिकारीच्या गोष्टी आणि जुन्या रायफली पुष्कळ सापडतात. मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. रानडुकरांनी पिकाचा फडशा पाडला तरी अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी असल्याशिवाय गोळी झाडता येत नाही. तुमच्या शस्त्र परवान्यावर ‘पीकसंरक्षण’ असे लिहिलेले असले तरी ती शिकारीची परवानगी ठरत नाही. या एका गैरसमजापायी चांगली माणसे गुन्ह्यात अडकतात, म्हणून हा मुद्दा सर्वांत वर घेतला आहे.

मग शिकारीच्या रायफलींची रचना कशाला अभ्यासायची? एक तर वारशाने आलेली रायफल तुम्हाला सांभाळायची असते आणि ती सुरक्षित आहे की नाही हे ओळखता यायला हवे. दुसरे असे की दुकानात आणि माहितीपत्रकांत जी वैशिष्ट्ये कौतुकाने सांगितली जातात, त्यांतली निम्मी शिकारीच्या गरजेतून आलेली आहेत. ती तुमच्या कामाची आहेत की नाहीत, हे ठरवण्यासाठी त्यांचे मूळ माहीत असावे लागते.

२. काम ठरवा : पहिली गोळी की साठावी

रानात नेम धरणाऱ्याला बहुधा एकच संधी मिळत असे. नळी थंड, हात थंड, बोल्टमध्ये धूळ किंवा पावसाचे पाणी, आणि पहिला बार चुकलाच तर दुसरे काडतूस क्षणात चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, जायला हवे. म्हणून शिकारीची रायफल खांद्यावरून दिवसभर वाहण्याइतकी हलकी असते, तिची नळी सडपातळ असते आणि बोल्टच्या हालचालीला थोडी मोकळीक ठेवलेली असते. पाच-सहा गोळ्यांनंतर नळी तापून नेम किंचित सरकला तरी तिच्या मूळ कामात त्याने बिघडत नाही.

५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात मात्र गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून प्रत्येकी २० अशा ६० गोळ्या पात्रता फेरीत झाडाव्या लागतात. लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये याच प्रकारात कांस्यपदक मिळवले. इथे काडतूस एक-एक करून हाताने भरता येते आणि चिखल-धुळीचा प्रश्न येत नाही. रायफलीने फक्त एकच करायचे असते : साठही वेळा अगदी तसेच वागायचे. हे ध्यानात ठेवून पुढचा प्रत्येक भाग तपासा.

३. बोल्ट कुठे कुलूपबंद होतो ते पाहा

बोल्ट बाहेर काढून त्याच्या तोंडाकडे पाहा. तिथे पुढे आलेले जे दात असतात, त्यांना लग म्हणतात. दांडा खाली केला की हे लग रायफलीच्या सांगाड्यातल्या खाचांत अडकतात आणि काडतुसाचा मागे येणारा सगळा दाब झेलतात. १८९८ सालच्या माउझर रायफलीत दोन लग बोल्टच्या पुढच्या टोकाला आहेत आणि तिसरा, केवळ सुरक्षेसाठी, मागे आहे. जगातल्या बहुतेक शिकारी रायफली याच आराखड्याच्या लेकी-नाती आहेत. लग काडतुसाच्या अगदी पाठीशी असल्यामुळे दाब पडला तरी बोल्ट लवत नाही.

आपल्याकडची .३१५ मात्र ली-एनफील्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या वंशातली आहे. इंग्रजांच्या काळात .३०३ हे लष्करी काडतूस सामान्य माणसाला मिळत नसे, म्हणून शिकाऱ्यांसाठी .३१५ प्रचारात आले आणि पुढे इशापूरच्या कारखान्यात ही रायफल बनत राहिली. तिचे लग बोल्टच्या मागच्या भागात आहेत. तिचा दांडा सुमारे ६० अंशच उचलावा लागतो, लग मागे असल्यामुळे बोल्टची धाव आखूड राहते आणि चाल झपाट्याने होते. त्याच्या मोबदल्यात दाबाखाली बोल्ट आणि सांगाडा किंचित ताणले जातात, ही या रचनेची उणीव. .३०-०६ सारख्या काडतुसाचा दाब ६०,००० पौंड प्रति चौरस इंचापर्यंत जातो, .२२ चा २४,००० च्या आसपास राहतो. म्हणूनच .२२ च्या अनेक उत्तम स्पर्धा-रायफलींत लग मागे असूनही काही बिघडत नाही. ‘मागे लग म्हणजे हलक्या दर्जाची वस्तू’ असे कोणी तुम्हाला ठासून सांगितले, तर आधी विचारा की कोणत्या काडतुसासाठी.

माउझरसारखे पुढे दोन लग समोरासमोर असतील तर दांडा साधारण ९० अंश उचलावा लागतो आणि तीन असतील तर ६० अंश. कमी उचल म्हणजे चांगलेच, असा निष्कर्ष लगेच काढू नका. फायरिंग पिनची (काडतुसावर आदळणाऱ्या सुईची) स्प्रिंग तेवढीच दाबायची असते आणि ती कमी फेऱ्यात दाबावी लागली, तर हाताला जोर जास्त लागतो. माझ्या पहिल्या .२२ ची उचल इतकी कडक होती की पालथे पडून नेम धरल्यावर दर गोळीनंतर दस्ता खांद्यावरून सुटत असे. दर वेळी गाल नव्याने टेकवायचा, नजर नव्याने जुळवायची आणि साठाव्या गोळीपर्यंत मानेला पीळ पडायचा. गुणपत्रिकेवर याचे कारण कुठेही लिहिलेले नसते, त्यामुळे मी कित्येक महिने श्वासाला दोष देत राहिलो.

बोल्ट न फिरवता सरळ मागे ओढण्याच्याही रचना आहेत. बायथलॉन या खेळात, म्हणजे बर्फावर स्की करत येऊन पाच-पाच गोळ्या झाडायच्या प्रकारात, अशी रायफल बोटाने आणि अंगठ्याने चालवतात. शिकारीत ब्लेझर आर ८ ही तशीच. आपल्याकडच्या नवख्याला तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

४. काडतूस कसे उचलले जाते ते पाहा

सगळ्या तुलनेत माझ्या मते हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि दुकानात तोच सर्वांत कमी बोलला जातो.

माउझरच्या बोल्टला उजव्या अंगाने एक लांब पोलादी पंजा असतो. मॅगझिनमधून काडतूस वर येता-येताच त्याच्या बुडाची कड या पंजाखाली सरकते आणि चेंबरमध्ये जाईपर्यंत काडतूस बोल्टने पकडलेलेच राहते. दुसऱ्या पद्धतीत बोल्ट काडतुसाला नुसता पुढे ढकलतो आणि दांडा खाली करताना, अगदी शेवटी, छोटा एक्स्ट्रॅक्टर (काडतूस चेंबरमधून मागे ओढणारा आकडा) कडेवर बसतो. १९६२ सालची रेमिंग्टन ७०० ही ढकलणाऱ्या पद्धतीची प्रसिद्ध रायफल. विंचेस्टर मॉडेल ७० हिला १९३६ पासून पंजा होता. १९६४ मध्ये उत्पादन स्वस्त करण्यासाठी तो काढला गेला, शिकारी मंडळी नाराज झाली आणि पुढे कंपनीला पंजा परत आणावा लागला.

ही नाराजी कशासाठी होती, ते समजून घ्या. घाईत बोल्ट अर्धाच पुढे नेला आणि दांडा खाली न करता मागे ओढला, तर पंजाची रायफल ते काडतूस सोबत मागे आणून बाहेर टाकते. ढकलणारी रायफल ते चेंबरमध्येच सोडून येते. मग बोल्ट पुन्हा पुढे नेला की दुसऱ्या काडतुसाचे टोक पहिल्याच्या बुडावर आपटते आणि दोन्ही अडकून बसतात. समोर जखमी जनावर असताना असे होणे म्हणजे जिवाशी गाठ होती.

स्पर्धेत हेच गणित उलटे होते. एकेक काडतूस थेट चेंबरमध्ये ठेवून बोल्ट बंद करायचा असेल, तर जुन्या धाटणीच्या माउझरचा पंजा कडेवरून सहज चढत नाही. जोर केला तर पंजाचे टोक तुटण्याची भीती असते, म्हणून तिच्यात काडतूस मॅगझिनमधूनच भरावे. एकेक काडतूस भरणाऱ्यासाठी ढकलणारी रचना सोयीची आहे. स्पर्धेच्या कित्येक रायफलींत तर मॅगझिनच नसते, कारण मॅगझिनसाठी सांगाड्याच्या तळाला कापलेली खिडकी नसली की तो सांगाडा अधिक ताठ राहतो. अ‍ॅन्शुट्झ या जर्मन कंपनीच्या .२२ च्या एकेरी भरणीच्या रायफली पाहिल्या की हे चटकन कळते. मी मॅगझिनच्या सोयीला भुललो तो इथेच.

घरच्या .३१५ साठी एक सूचना. तिच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे राहिली पाहिजे. ती मागे राहिली की बोल्ट पुढे जाताना दोन्ही एकमेकांत गुंततात. आजोबा प्रत्येक काडतूस बसवल्यावर अंगठ्याने मागून पुढे एकदा चाचपून पाहायचे. लहानपणी मला ती त्यांची सवय वाटायची, पण त्यामागे हे कारण होते.

रिकामी पुंगळी बाहेर टाकण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. स्थिर पात्याचा इजेक्टर असेल तर बोल्ट सावकाश ओढल्यावर पुंगळी हळूच हातात येते आणि झटक्याने ओढल्यावर दूर उडते. स्प्रिंगचा इजेक्टर ती नेहमीच जोरात फेकतो. शेजारच्या फायरिंग पॉइंटवरच्या नेमबाजाला तुमची गरम पुंगळी लागू नये, एवढ्यासाठी तरी हे पाहून ठेवा.

५. चाप, फायरिंग पिन आणि खटका

चाप सुटल्यापासून फायरिंग पिन काडतुसावर आदळेपर्यंत काही हजारांश सेकंद जातात. जुन्या लष्करी घराण्याच्या रायफलींत पिन जड आणि तिची धाव लांब, म्हणून हा काळ जास्त असतो. उभ्याने झाडताना नळीचे टोक सतत फिरत असते, त्यामुळे हा काळ जितका कमी तितका नेम तुमच्या मनाजोगा. स्पर्धेच्या रायफलीत पिन हलकी आणि धाव अगदी थोडी असते.

शिकारीच्या रायफलीचा चाप एक ते दीड किलो किंवा त्याहूनही जड असणे योग्यच आहे, कारण ती थंडीत, धावपळीत, अडखळत वापरायची असे. स्पर्धेच्या .२२ चा चाप शंभर-दीडशे ग्रॅमवर सुटू शकतो. घरच्या जुन्या रायफलीचा चाप हलका करून देतो म्हणणाऱ्या कारागिराकडे ती देऊ नका. घासलेला चाप दस्ता जमिनीवर आपटला तरी सुटू शकतो.

खटक्याच्या, म्हणजे सेफ्टीच्या, बाबतीत माउझरची तीन टप्प्यांची रचना थेट फायरिंग पिन अडवते, तर अनेक आधुनिक रायफलींचा खटका फक्त चाप किंवा त्याची कडी अडवतो. स्पर्धेत मात्र खटक्यावर कोणीच विसंबत नाही. बोल्ट उघडा आणि चेंबरमध्ये नारिंगी सेफ्टी फ्लॅग, हाच तिथला नियम आहे. घरीही तोच पाळा.

बार उडालाच नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा आणि मगच बोल्ट उघडा. जुन्या काडतुसांची दारू कधीकधी उशिरा पेट घेते.

६. नळी, दस्ता आणि दोन स्क्रू

स्पर्धेची नळी जाड असते, ती हळू तापते आणि दस्त्याला कुठेही टेकत नाही. एक कागद नळी आणि दस्ता यांच्या फटीतून सरकवून पाहा, तो चेंबरच्या जवळपर्यंत विनासायास जायला हवा. ली-एनफील्डची रचना वेगळी आहे. तिचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो आणि पुढचे लाकूड नळीला विशिष्ट जागी टेकवलेले असते, म्हणून तिचे लाकूड कागदाची कसोटी लावून तासायला जाऊ नका.

सांगाडा दस्त्याला ज्या स्क्रूंनी बांधलेला असतो, त्यांच्याकडे नवखे लोक लक्ष देत नाहीत, आणि जे देतात ते गरजेपेक्षा जास्त आवळतात. मी दुसऱ्या गटातला होतो. स्क्रू प्रत्येक वेळी सारखाच आवळला जावा म्हणून टॉर्क पाना वापरा, निर्मात्याने दिलेला आकडा पाळा आणि तो वहीत लिहून ठेवा. दोन-तीन फेऱ्यांत गोळ्या विनाकारण विखुरल्या, तर दुर्बीण बदलण्याआधी हे स्क्रू तपासा.

७. दुकानात हाताळताना

परवानगी घेऊन बोल्ट उघडा. चेंबर डोळ्यांनी पाहा, मग बोटानेही चाचपा. विक्रेत्याने ‘रिकामी आहे’ म्हटले तरी हे करायचेच. त्यानंतर चेंबरच्या बाजूने नळीतून पांढऱ्या कागदाकडे पाहा. रायफलिंगच्या, म्हणजे नळीतल्या पेचदार, खाचांच्या कडा तीक्ष्ण दिसल्या पाहिजेत आणि चेंबरलगत काळे खड्डे नसावेत. जुन्या रायफलीच्या सर्व लगांवर झीज सारखी हवी. एकच लग चकचकीत असेल तर सगळा दाब तोच सोसतो आहे, असे समजा. अशी रायफल परवानाधारक कारागिराकडून बंद बोल्ट आणि चेंबर यांमधले अंतर मोजून घेतल्याशिवाय चालवू नका.

मग खांद्याला लावा, गाल टेकवा आणि डोके न हलवता पाच वेळा बोल्ट उघडा-बंद करा. पाचव्या वेळी नजर साइटच्या मध्यावर नसेल, तर दस्त्याची लांबी किंवा गालपट्टी तुमच्या मापाची नाही, आणि ती जुळवता येते की नाही हे तिथेच विचारा. एका दुकानात मला ‘सवय होईल’ असे सांगितले गेले आणि मी विश्वास ठेवला. ती सवय कधीच झाली नाही. .२२ रिकामी असताना चाप ओढू नका, कारण काही रायफलींत पिन चेंबरच्या कडेवर आदळून तिथे खड्डा पाडते. सरावासाठी डमी काडतूस मिळते.

८. कागदपत्रे आणि परवाना

नागपूर शहरात परवाना पोलीस आयुक्तांकडून मिळतो, तर ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून. पत्ता शहर हद्दीत आणि शेत ग्रामीण हद्दीत असेल तर आधी कोणाकडे जायचे हे विचारून घ्या. माझा अर्ज या एका कारणाने दोन टेबलांमध्ये फिरत राहिला. तयार ठेवायची कागदपत्रे अशी :

- नमुना ए-१ मधील अर्ज आणि छायाचित्रे
- वयाचा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा
- शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र
- शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र
- शस्त्र सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था असल्याचे हमीपत्र
- नेमबाज म्हणून अर्ज असेल तर रायफल क्लबचे सदस्यत्व आणि स्पर्धेतील गुणांची प्रमाणपत्रे
- वारसाहक्काचा अर्ज असेल तर मृत्यूचा दाखला, मूळ परवाना आणि इतर वारसांचे नाहरकतपत्र

परवान्यासाठी वय २१ पूर्ण लागते. त्याहून लहान मुलांना नियमानुसार देखरेखीखाली सराव करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आणि सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. वारशाची रायफलही या दोनांत मोजली जाते, म्हणून स्पर्धेची घेण्याआधी हिशोब करा. नामांकित नेमबाजांना जास्त शस्त्रांची वेगळी सवलत आहे. परवानाधारक वारला की रायफल कपाटात ठेवून देणे ही सर्वांत मोठी चूक होय. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या आणि मग वारसाचा अर्ज करा. वडील किंवा आजोबा ७० वर्षांचे झाले असतील, किंवा त्यांनी शस्त्र २५ वर्षे बाळगले असेल, तर त्यांच्या हयातीतच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. तसे करा, पुष्कळ त्रास वाचतो.

या सगळ्याला वेळ लागतो. तोवर क्लबमध्ये एअर रायफलवर शिका. दहा मीटरवर स्थिर उभे राहता येईपर्यंत बोल्टच्या रचनेतला फरक तुमच्या गुणांत दिसणारही नाही.

९. आपला उन्हाळा आणि आपला पावसाळा

.२२ च्या गोळीवर मेणासारखे वंगण असते. नवतप्यात मी काडतुसांचा डबा गाडीच्या डिक्कीत दोन तास विसरलो आणि उघडला तेव्हा गोळ्यांवरचे मेण पाघळून डब्याच्या तळाला चिकटले होते. त्या काडतुसांनी त्या दिवशी एकदाही सलग तीन दहा दिले नाहीत. उन्हाळ्यात काडतुसे जाड कापडी पिशवीत, सावलीत ठेवा आणि एका स्पर्धेसाठी एकाच लॉटची, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेली, वापरा. घेण्याआधी दोन-तीन लॉटच्या थोड्या-थोड्या गोळ्या आपल्याच रायफलीतून झाडून पाहा. एकीला मानवणारा लॉट दुसरीला मानवतोच असे नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये लाकडी दस्ता फुगतो. कोरड्या दिवसांत सहज सरकणारा तो कागद आता नळीशी अडकतो का, ते दर पंधरवड्याला पाहा. सरावानंतर बोल्ट काढून कोरड्या फडक्याने पुसा, लगांच्या मागे ग्रीसचा एक ठिपका लावा आणि बोल्टवर तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. नळीत साफसफाईचा गज नेहमी चेंबरच्या बाजूने घाला. रायफल फोमच्या पेटीत बंद ठेवू नका, फोम ओल धरतो आणि गंज आधी पेटीला टेकलेल्या बाजूने चढतो. आजोबांच्या रायफलीच्या नळीवर डाव्या अंगाला असा बोटभर डाग आहे. तो मी पहिल्याच पावसाळ्यात पाडला.